घरच्यांनी 'हाय' म्हणलं तर

लग्नपत्रिकेचं प्रूफ मन्मथअप्पा कधी नुसतं गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. आलेल्या सगळ्यांना ते आत बोलवायचे, समोरच्या बाकावर बसवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि कागद नाकाजवळ धरून पत्रिकेतलं एकेक नाव मोठ्यानं वाचायचे. नाव वाचलं की थांबायचे. घरच्यांपैकी कुणीतरी 'हाय' म्हणायचं, मग पुढचं नाव. आशीर्वाद, निमंत्रक, व्यवस्थापक, खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरंसोरं, सगळी नावं अशी वाचली जायची. एखाद्या नावाला बाकावरून आवाज आला नाही, सगळे खाली बघायला लागले, की अप्पा काही विचारायचे नाहीत. खिशातली पेन्सिल काढून त्या नावाच्या आधी बारीक अक्षरात 'कै.' लिहायचे.

आमच्याकडच्या पत्रिका लांबलचक असतात. नवरा-नवरीपेक्षा भाऊबंदांची नावं जास्त. बीडला माझ्या छापखान्यात आलेला नवा माणूस ही हजेरी बघून हसायचा. दुसऱ्या-तिसऱ्या नावापर्यंत त्याचं हसू थांबायचं, कारण तोवर त्याच्या घरातलं कुणीतरी गेलेलं त्याला आठवलेलं असायचं.

पुढं जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटापर्यंत ताटकळावं लागणार नाही. बीडजवळच्या पालीच्या लिंबाजी अण्णांच्या नावाआधी, ते जिवंत असताना, 'कै.' छापून गेलं. बीडमध्ये आजही लोक म्हणतात की ते मन्मथअप्पाच्या हातून झालं. ते अप्पांच्या हातून झालं नाही. ती पत्रिका मी केली होती. अप्पा त्या दिवशी छापखान्यात नव्हतेसुद्धा.

अप्पा मूळ धारूरचे. घरचं किराणा दुकान भावाकडं गेलं आणि हे बीडला माझ्याकडं खिळे जुळवायला आले. तेव्हा आम्ही दोघंही तरुण होतो. पुढं खिळे गेले, संगणक आला. मला वाटलं होतं, अप्पा आता धारूरला परत जातील. ते गेले नाहीत. खिळ्यांची घरं जशी डोळे झाकून त्यांच्या बोटांना सापडायची, तशी काही महिन्यांत कळफलकाची बटणं सापडायला लागली. शिकताना त्यांचा स्वभाव मात्र बदलला नाही. बोलणं कमी, रुसवा लवकर आणि हेका मोठा. चहा कपात दिला तर प्यायचे नाहीत, बशीच लागायची. मला 'मालक' म्हणायचे. 'नाना म्हणा, सगळं गाव म्हणतंय,' असं मी कितीदा सांगितलं. ते म्हणायचे, "गावाला तुमी पगार देत न्हाईत."

एकेका घराची पत्रिका त्यांनी संगणकात जपून ठेवलेली होती. थोरल्याच्या लग्नाची फाइल धाकट्याच्या लग्नाला उघडायची, मधल्या काळात जे झालं ते तिच्यात उतरवायचं. नव्या सुना, नवी पोरं, गेलेली माणसं. भांडणंही उतरायची. एकदा एक माणूस म्हणाला, सख्ख्या भावाचं नाव काढा, बोलणं बंद हाय. अप्पांनी नाव काढलं, पण जागा तशीच ठेवली. त्या माणसानं प्रूफवरची रिकामी ओळ दाखवून विचारलं, हे काय. अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. पुढच्या लग्नाला लागंल." तो चिडून उठला, मला दोन शब्द सुनावले आणि पत्रिका दुसरीकडं छापून घेतली. अप्पांनी बशीतला चहा संपवला आणि फाइल तशीच, जागेसकट, जपून ठेवली.

दुसरी एक आठवण मी विसरू शकत नाही. गेवराईकडचं एक घर आलं होतं, मुलीचं लग्न. मुलीचा भाऊ ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला होता तो परतलाच नव्हता. वर्षं झाली होती. मामानं अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की पोरगं काही आता येत नाही, त्याच्या नावाआधी 'कै.' लावा किंवा नावच काढून टाका. अप्पा नेहमीसारखे वाचायला बसले. त्या मुलाचं नाव आलं. बाकावरचे सगळे खाली बघायला लागले. दाराजवळ पायरीवर त्याची आई बसली होती, ती बसल्या जागेवरून 'हाय' म्हणाली. अप्पांनी पेन्सिल खिशात ठेवली आणि पुढचं नाव वाचलं. मामा नंतर कुरकुरला, तेव्हा त्याला एवढंच म्हणाले, "घरच्यांनी हाय म्हणलं तर मी मेलेला लिहीत न्हाई."

आता संगणकाचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर जुनं होतं. त्याच्याबरोबर बोटाएवढं एक लॉक आलं होतं, ते संगणकाला लावलं तरच सॉफ्टवेअर उघडायचं. सॉफ्टवेअर करणारी कंपनी केव्हाच बंद पडली. अप्पांनी जपलेली घरं मात्र सगळी त्या सॉफ्टवेअरमध्येच होती, दुसऱ्या कशात ती उघडत नव्हती. म्हणून अप्पा रोज काम संपलं की लॉक काढून कागदी पाकिटात घालायचे आणि सदऱ्याच्या खिशात ठेवून घरी न्यायचे. 'एवढं हरवलं तर बीड जिल्हा हरवला,' असं मी चेष्टेनं म्हणायचो. ते हसायचे नाहीत.

पुढं छापखान्यात पत्रिका कमी झाल्या आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरायचं काम वाढलं. त्यांची आधार कार्डं, सातबारे, पासबुकांची पानं आमच्या संगणकात यायला लागली. तशात पलीकडच्या गल्लीतल्या एका दुकानाचा संगणक कुणीतरी बाहेरून ताब्यात घेतला आणि त्याच्यातलं सगळं कुलूपबंद करून टाकलं. मी घाबरलो. आमच्या संगणकाच्या कोपऱ्यात बऱ्याच दिवसांपासून एक पिवळी खूण दिसत होती, ती मी उघडून बघितली. संगणकाच्या गाभ्यात बाहेरचा कुणी शिरू नये म्हणून एक पहारा असतो, मेमरी इंटिग्रिटी म्हणतात त्याला. आमच्याकडं तो बंद होता. चालू करायला गेलं की संगणक नकार द्यायचा आणि तीन नावांची यादी दाखवायचा: हे ड्रायव्हर जुळत नाहीत, आधी हे काढा.

ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि त्याला जोडलेलं यंत्र यांच्यातला दुभाषी. यंत्र निघून गेलं तरी दुभाषी आतच राहतो, त्याला कुणी जा म्हणत नाही. आम्ही नवा संगणक घेतला तेव्हा जुन्यातलं सगळं त्याच्यात उतरवून घेतलं होतं, त्याबरोबर हे जुने दुभाषीही आले होते.

ती यादी मी अप्पांना दाखवली. त्यांनी ती वाचली तीही लग्नपत्रिकेसारखी, एकेक नाव थांबत. पहिलं नाव आमच्या जुन्या स्कॅनरचं निघालं. तो स्कॅनर भंगारात देऊन किती वर्षं झाली, दोघांनाही आठवेना. दुसरं, पूर्वी इंटरनेटसाठी लावायचो त्या डोंगलचं. तिसऱ्या नावावर अप्पा अडले. खिशातून पाकीट काढलं, लॉक लावलं. लॉकवरचा हिरवा दिवा लागला. ते माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्यो ओ देतोय, मालक. दोन काढू. तिसरा जिवंत हाय."

मी म्हणालो, तिसरा असेपर्यंत पहारा लागणार नाही. ते म्हणाले, मग अर्ज भरायला दुसरा संगणक घ्या, ह्याचं इंटरनेट तोडून टाका, ह्याला म्हाताऱ्यासारखं एका कोपऱ्यात राहू द्या. आणि त्या दिवशी त्यांनी मला काढायची रीत दाखवली. आधी ड्रायव्हरचं संगणकानं ठेवलेलं नाव शोधायचं. मग ज्याचा तो ड्रायव्हर आहे ते यंत्र लावून बघायचं. मग ड्रायव्हर बाहेर एका फोल्डरमध्ये उचलून ठेवायचा, आणि त्यानंतरच आतून काढायचा. "हाक मारून बघायची," ते म्हणाले. "ओ न्हाई आली तर काढायचा. पण काढायच्या आधी उचलून ठेवायचा. आपली हाक चुकली असंल तर?"

पहिले दोन त्यांनी तसे काढले. तिसरा राहिला, पिवळी खूणही राहिली. दुसरा संगणक बघू पुढच्या महिन्यात, असं म्हणत मी तो घेतला नाही.

कार्तिकात अप्पा कपिलधारच्या यात्रेला गेले. दरवर्षी जायचे. त्यांचं नावच तिथल्या स्वामींवरून ठेवलेलं. त्या दिवसांत छापखान्यात मी एकटाच होतो आणि ती पिवळी खूण सकाळ-संध्याकाळ माझ्याकडं बघत होती. मी फोनवर एक व्हिडिओ बघितला. त्यातल्या माणसानं दोन मिनिटांत काम उरकलं होतं. आपल्यालाही येतं, अप्पांशिवायही येतं, असं मला कुठंतरी दाखवायचं होतं. कुणाला, ते आजही सांगता येत नाही. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप केली. संगणकानं सांगितलं की ह्या ड्रायव्हरचं यंत्र जोडलेलं नाही. मला वाटलं, झालं, हाही गेलेलाच. लॉक अप्पांच्या खिशात कपिलधारला होतं, ते ओ देणार कसं, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी मी थांबलो असतो का, माहीत नाही. उचलून ठेवण्याची पायरीही मी गाळली. व्हिडिओत ती नव्हती. ड्रायव्हर काढून टाकला, संगणक बंद करून चालू केला. पहारा लागला. पिवळीच्या जागी हिरवी खूण आली. मला इतकं बरं वाटलं की मी एकट्यासाठी चहा मागवला.

अप्पा परत आले ते प्रसाद घेऊन. माझ्या हातावर प्रसाद ठेवला, टेबलाशी बसले, लॉक लावलं. दिवा लागला नाही. काढून पुसून पुन्हा लावलं. मग कोपऱ्यातली हिरवी खूण त्यांना दिसली.

"कावून काढला?" ते म्हणाले.

मी म्हणालो, अपडेट आलं होतं, त्यात गेलं असेल.

"अपडेट असा निवडून काढत न्हाई, मालक."

एवढंच. पुढं त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. मूळ सीडी शोधली, तिला मधोमध चीर गेलेली होती. इंटरनेटवरून त्या नावाचं जे जे मिळालं ते लावून बघितलं, पहारा बंद करूनही बघितलं. लॉक मुकं ते मुकंच. पुण्यात कुणाला तरी फोन केले. शेवटी एका दुपारी लॉक पाकिटात घातलं, पाकीट खिशात घातलं आणि कपाटातून जुन्या छापील पत्रिकांचे गठ्ठे काढून बसले. नव्या सॉफ्टवेअरवर एकेक घर पहिल्यापासून टाइप करायला लागले. तुळशीची लग्नं झाली होती, लग्नसराई तोंडावर होती. जी पत्रिका गठ्ठ्यात मिळायची नाही तिच्यासाठी गिऱ्हाइकाच्या घरी फोन करायचे, बायाबापड्यांना नावं विचारायचे. मी मदत करतो म्हणालो की म्हणायचे, "तुमी अर्ज भरा, मालक. पहारा चालू हाय ना आता."

हे टोचून बोलणं होतं का, मला तेव्हाही कळलं नाही. अप्पा टोचून बोलणाऱ्यातले नव्हते. मला टोचलं, हे खरं.

त्या कामानं त्यांचे डोळे बिघडले. लाल झाले, पाणी थांबेना. डॉक्टरांनी घरी बसवलं. नेमकं त्याच दिवसांत पालीहून पत्रिकेचं काम आलं. लिंबाजी अण्णांच्या नातवाचं लग्न.

लिंबाजी अण्णा हे मोठं नाव. धरणाच्या अंगाला जमीन, एके काळी गावचे सरपंच, नंतर तालुक्याच्या राजकारणात. आता वय झालं होतं, पण जिभेची धार गेली नव्हती. त्यांच्या घरची फाइल अप्पांनी वर्षानुवर्षं सांभाळलेली होती आणि ती आता उघडत नव्हती. अण्णांच्या पुतण्याला घाई होती, त्यानं नावं फोनवर पाठवली. मी नव्यानं सगळी मांडणी करण्याऐवजी आठवड्यापूर्वी झालेली दुसऱ्या एका घराची पत्रिका उघडली, तिच्यातली नावं पुसली आणि पालीची भरली. वर देवाच्या नावाच्या जागी नारायणगडाचं नाव टाकलं. त्या आधीच्या घरात सगळ्यांत वडील माणूस वारलेला होता. मी त्याचं नाव पुसलं आणि तिथं लिंबाजी अण्णांचं टाइप केलं. त्या माणसाच्या नावाआधीचं 'कै.' तिथंच राहिलं.

प्रूफ मी पुतण्याच्या फोनवर पाठवलं. कुणाला बाकावर बसवलं नाही, कुणाला हाक मारली नाही. पलीकडून अंगठा आला. मी छापून टाकली.

पत्रिका वाटून झाल्यावर एका सकाळी छापखान्यासमोर जीप थांबली. काठी टेकत लिंबाजी अण्णा स्वतः आत आले. मागं पुतण्या, मान खाली घालून. त्या दिवशीच अप्पा डोळ्यांचं दुखणं उरकून कामावर आले होते, टेबलाशी बसले होते. मी मागं कटिंग मशीनजवळ होतो. अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. पत्रिका म्हणजे अप्पा, हे बीड तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं. बाकावर बसले, पत्रिका काठीच्या टोकानं टेबलावर सरकवली आणि म्हणाले,

"अप्पा, मी कधी गेलतो बे? मला तरी सांगायचं. सकाळी मी चहा पिलो, त्यो कुणाच्या नावावर लिहू?"

पुतण्या हसला नाही. शेजारचा चहावाला दारात उभा होता, तो हसला. अप्पांनी पत्रिका उचलली, चष्मा कपाळावर चढवला, नाकाजवळ धरली. एका नजरेत त्यांना कळलं असणार. ती अक्षरांची ठेवण, ते अंतर त्यांचं नव्हतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

मी कागद कापत होतो. मशीनचा दांडा माझ्या हातात होता आणि मी तो खाली ओढला. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. 'अण्णा, हे माझं काम,' एवढंच म्हणायचं होतं. दोन शिव्या बसल्या असत्या, अण्णा शिव्या देऊन मोकळे होणारे होते. पण पुढं प्रश्न आला असता, अप्पांची फाइल असताना तुम्ही दुसऱ्याची कशाला उघडली, आणि मग ड्रायव्हर, अपडेट, सगळंच बाहेर आलं असतं. मी दुसरा गठ्ठा मशीनखाली सरकवला.

"चुकलं, अण्णा," अप्पा म्हणाले. "आमच्याकडून चुकलं."

"चुकू दे. माणूसच हाय तू," अण्णा म्हणाले. "पर आता नातवाच्या लग्नात मी मांडवात बसणार, तवा पोरं घाबरतील ना रे." मग त्यांनी अप्पांच्या पाठीवर थाप मारली, चहा पिऊन गेले. पुन्हा नीट छापलेल्या पत्रिका मी दुसऱ्या दिवशी स्वतः पालीला पोचवल्या. पोचवल्या तेव्हा अण्णा ओसरीवर झोपलेले होते. मी त्यांना उठवलं नाही.

लग्नाच्या चार दिवस आधी लिंबाजी अण्णा गेले. वय झालेलं, थंडी पडलेली, सकाळी उठले नाहीत. डॉक्टरला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण गावाला वाटलं.

बीडमध्ये एखादी गोष्ट पसरायला पेपर लागत नाही. अप्पानं 'कै.' लिहिलं आणि अण्णा गेले. आधी हे चेष्टेत म्हटलं गेलं, मग हळू आवाजात. लग्नाची गिऱ्हाइकं यायची, दारातून आधी अप्पांच्या टेबलाकडं बघायची आणि मला बाजूला घ्यायची. "नाना, तुमीच टाइप करा. शुभकार्य हाय. अप्पाचा हात नको." मी 'बरं' म्हणायचो. एकदाही मी असं म्हटलं नाही की तो हात माझाच होता. प्रत्येक वेळी वाटायचं, आता उशीर झाला, आता सांगितलं तर लोक म्हणतील आधी का नाही सांगितलं. पुढच्या वेळी तो उशीर आणखी वाढलेला असायचा.

लग्नाच्या पत्रिका माझ्याकडं आल्या आणि दहाव्या-तेराव्याची कार्डं अप्पांच्या टेबलावर राहिली. ती करायला कुणाची हरकत नव्हती. अप्पा तीही वाचून दाखवायचे, शोकाकुल घरातल्या एकेकाचं नाव, आणि घरचे रडत रडत 'हाय' म्हणायचे. एक दिवस संध्याकाळी टेबल आवरताना ते म्हणाले, "मालक, आता मेलेल्यांचंच राहिलं का माझ्याकडं?" मी म्हणालो, लोकांचं काय, विसरतील चार महिन्यांत. ते म्हणाले, लोक विसरतील हो. मग चष्मा पुसला, खिशातलं पाकीट चाचपलं आणि गेले. महिना संपल्यावर सांगितलं की धारूरला भावाला दुकानात माणूस हवा आहे.

मी एकदाच धारूरला गेलो. किल्ल्याच्या अंगाला त्यांचं घर. ठरवून गेलो होतो की सगळं बोलायचं. महादेवीबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, चहा आणला. अप्पांना बशी, मला कप. अप्पा भावाच्या दुकानातल्या तोलाच्या काट्याबद्दल बोलले, घाटातल्या रस्त्याबद्दल बोलले, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मी तोंड उघडतो आहे असं दिसलं की ते दुसरं काहीतरी काढायचे. निघताना दारापर्यंत आले आणि विचारलं, "पहारा चालू हाय का?"

"आहे," मी म्हणालो.

"मग बरं हाय."

ते खरंच बरं म्हणत होते. लोकांची कागदपत्रं सुरक्षित असावीत असं त्यांना माझ्याइतकंच वाटत होतं. एक दुसरा संगणक, नाहीतर एक उचलून ठेवलेला फोल्डर, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

गेल्या मार्गशीर्षात महादेवीबाई एसटीनं बीडला आल्या. सोबत पुतण्या होता. मी अर्ज भरत होतो, मान वर केली तर त्या अप्पांच्या बाकावर बसलेल्या. काय झालं ते त्यांच्या कपाळाकडं बघून कळलं. झोपेत गेले, त्या म्हणाल्या. कार्ड छापायचं आहे, आणि तुमच्याकडंच छापायचं असं तेच म्हणून गेले होते.

मी त्यांच्यासमोर बोललो. मशीन बंद होती, दारात कुणी नव्हतं, पुतण्या पाणी आणायला गेला होता. पालीची पत्रिका, लॉक, अपडेट, सगळं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला म्हाईत हाय. पालीचे अण्णा आले त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं. कुणाला बोलू नको म्हणले, मालकाला आता ह्या वयात कोण संभाळून घेईल." मी म्हणालो, ह्या कार्डावर मी खाली छापतो, माझ्या नावानं, की ती चूक माझी होती. कार्ड बीडात सगळीकडं जाईल, लोक वाचतील.

त्यांनी मान हलवली. "त्यांच्या कार्डावर तुमचं नाव नको. तुमचं तुमी तुमच्या कागदावर लिवा."

म्हणून हा कागद.

कार्ड मी टाइप केलं. कुठल्याही दुसऱ्या घराचं कार्ड उघडलं नाही, कोऱ्या पानावरून सुरुवात केली. पुतण्या परत आला, बाईंच्या शेजारी बसला. प्रूफ काढलं आणि कधी नव्हे ते मी वाचायला बसलो. चष्मा कपाळावर चढवायची मला सवय नाही, हातानं कागद लांब धरला. खालून वर गेलो, अप्पा शोकाच्या कार्डाला तसंच करायचे, गेलेल्याचं नाव शेवटी. नातवंडं. पुतण्या 'हाय' म्हणाला. मुली, जावई. हाय. भाऊ, भावजय. हाय. महादेवीबाईंचं नाव आलं, त्या स्वतःच 'हाय' म्हणाल्या. अप्पांच्या लिंगायत समाजात 'कै.' लिहीत नाहीत, 'लिंगैक्य' लिहितात. तो शब्द मी अजून टाइप केलेला नव्हता, जागा ठेवली होती. मी नुसतं नाव वाचलं.

"मन्मथअप्पा."

महादेवीबाई 'हाय' म्हणाल्या.

इतक्या नावांच्या ओघात आलं असेल. पुतण्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही, माझ्याकडं बघत राहिल्या, जणू चुकलं का ते मी सांगणार होतो.

घरच्यांनी 'हाय' म्हटल्यावर अप्पांनी पेन्सिल खिशात ठेवली असती. मी संगणकाकडं वळलो आणि मोकळ्या ठेवलेल्या जागेत तो शब्द टाइप केला.